हेडचं काम झाल्यावर कॅमशाफ्ट परत बसवताना: क्रम, मोजमाप आणि वारंवार होणाऱ्या चुका

इंजिनाचं सिलिंडर हेड फेसिंग होऊन (खालचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून) आलं, नवीन गॅस्केट पडलं, हेडचे बोल्ट आवळून झाले की गाडी चालू करून बघण्याची घाई सगळ्यांनाच होते. मग कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट) ठेवले जातात, कॅप (कॅमला वरून धरणाऱ्या पकडी) आवळल्या जातात आणि सगळं लक्ष टाइमिंगच्या मार्कांवर (क्रँकशाफ्ट आणि कॅम जुळवायच्या खुणांवर) लागतं. मार्क जुळले म्हणजे कॅम बसले, असा पक्का समज आहे. पण बहुतेक नुकसान मार्कांच्या आधीच झालेलं असतं. कॅप वाकड्या आवळल्या जातात आणि कॅम तुटतो, कॅपला चीर जाते किंवा बोल्टचे आटे जातात. क्लिअरन्स (कॅम आणि टॅपेटमधली फट) मोजलेला नसतो, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही महिन्यांत जळतो. पिस्टन वर असतानाच कॅम दाबला जातो आणि व्हॉल्व्ह वाकतात. हे टाळायचं असेल तर काम ज्या क्रमाने व्हायला हवं तो क्रम खाली दिला आहे.

समोर धरलंय ते आपल्याकडे सर्रास दिसणारं इंजिन: चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, हेडवर दोन कॅमशाफ्ट, टाइमिंग चेन आणि कॅमच्या थेट खाली बकेट टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकावर बसणारी वाटीसारखी टोपी). मारुती सुझुकीच्या १.२ लिटर के-मालिकेतलं पेट्रोल इंजिन या प्रकारचं आहे. हायड्रॉलिक टॅपेट (तेलाने फट आपोआप भरणारे) किंवा टाइमिंग बेल्टच्या इंजिनात जे वेगळं करायचं ते त्या त्या जागी सांगितलं आहे. टॉर्क आणि क्लिअरन्सचे आकडे मात्र तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्या. इथले आकडे साधारण कल्पना यावी म्हणून आहेत.

## तयारी

हत्यारांत सगळ्यात महत्त्वाचा आहे लहान टॉर्क रेंच, साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटरचा. कॅमच्या कॅपचे बोल्ट सहसा एम-६ असतात आणि त्यांना १० ते १२ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. हेडचे बोल्ट आवळायचा मोठा रेंच इतक्या खाली भरवशाचा राहत नाही. तो ‘टक्‌’ करेपर्यंत ॲल्युमिनियममधले आटे बाहेर आलेले असतात.

रेंचवर एकक कोणतं आहे ते वाचा. बाजारात मिळणाऱ्या अनेक रेंचवर किलोग्रॅम-मीटर आणि फूट-पाउंड छापलेलं असतं. ११ न्यूटन-मीटर म्हणजे १.१ किलोग्रॅम-मीटर, म्हणजेच साधारण ८ फूट-पाउंड. दशांश चिन्ह चुकलं तर टॉर्क दहापट होतो.

याशिवाय फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं), बाहेरून मोजायचा मायक्रोमीटर, एअर गन, धागे न सुटणारं कापड, पेंट मार्कर आणि एक वही हाताशी ठेवा. कॉटन वेस्ट हेडच्या जवळही आणू नका. त्याचा एक धागा तेलाच्या भोकात अडकला तरी पुढचं जर्नल (कॅम जिथे टेकून फिरतो तो गोल भाग) कोरडं राहतं.

नवीन आणायच्या वस्तू: हेड कव्हरचं गॅस्केट, स्पार्क प्लगच्या नळ्यांची सील, जिथे असतील तिथे कॅमची ऑईल सील, टेन्शनरचं (चेन ताणून धरणाऱ्या भागाचं) गॅस्केट किंवा ओ-रिंग, इंजिन ऑईल आणि फिल्टर. स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) बोल्ट टॉर्क देऊन वर अंशात फिरवायचा असेल तर तोही नवाच घ्या. असा बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा वापरायचा नसतो.

## १. मशीन शॉपमधून आलेलं हेड स्वच्छ समजू नका

फेसिंगचा चुरा, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडी) कापताना उडालेले कण यातलं काहीतरी हेडमध्ये हमखास राहतं. हे सगळं तेलाच्या वाटेने जाऊन कॅमच्या जर्नलवर बसतं. कॅम थेट ॲल्युमिनियमवर फिरतो, तिथे वेगळं बेअरिंग नसतं. म्हणून एका कणाने पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

हेड रॉकेलने किंवा डिग्रीझरने धुवा. तेलाच्या प्रत्येक भोकात नायलॉनचा बारीक ब्रश फिरवा आणि मग हवा मारा. एका भोकात हवा मारली की ती दुसरीकडे कुठून निघते ते बोटाने चाचपा. जिथून निघायला हवी तिथून निघत नसेल तर वाट तुंबलेली आहे.

कॅपच्या बोल्टची भोकं वेगळी तपासा. ती तळाशी बंद असतात. आत तेल किंवा रॉकेल साठलेलं असेल तर बोल्ट उतरताना त्या द्रवावर दाब येतो. मग रेंच वेळेआधी वाजतो आणि कॅप सैल राहते, नाहीतर भोकाचा तळच फुटतो. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा, कारण सगळं उलट तोंडावर उडतं.

प्रत्येक बोल्ट कॅपशिवाय हाताने त्याच्या भोकात फिरवून बघा. तो शेवटपर्यंत बोटांनी जायला हवा. मध्येच अडला तर टॅप फिरवून आटे साफ करा. आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) आत्ताच बसवून घ्या. कॅम ठेवल्यावर हे कळलं तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

तपासणी: कॅपवरचे नंबर आणि बाण वाचून वहीत उतरवा. इनटेक आणि एक्झॉस्टच्या कॅप वेगळ्या असतात, प्रत्येकीची जागा ठरलेली असते आणि बाण सहसा टाइमिंगच्या बाजूला असतो. कारखान्यात कॅप हेडवर बोल्टने बसवून एकत्रच बोअर केलेल्या असतात. त्यामुळे दुसऱ्या हेडची कॅप या हेडला चालत नाही आणि तीन नंबरची चारच्या जागीही चालत नाही. एक कॅप हरवली तर बहुतेक वेळा हेडच बदलावं लागतं. मशीन शॉपला हेड देताना कॅप पिशवीत सुट्या टाकण्यापेक्षा आपापल्या जागी बोल्टसकट लावून द्याव्यात ते यासाठीच.

कॅमही नीट बघा. जर्नलवरून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तो कॅम परत वापरू नये. लोबच्या नाकावर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या फुगवट्याच्या टोकावर) खड्डे पडले असतील किंवा कड गोल झाली असेल तरी तेच.

## २. रिकामा कॅम बोटांनी फिरला पाहिजे

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. गरम होऊन हेड गेलं असेल तर हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे.

इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की ॲल्युमिनियमचं हेड पूर्ण लांबीत वाकू शकतं. मशीन शॉप खालचा पृष्ठभाग फेसिंग करून सपाट करून देतं आणि गॅस्केटची बाजू पट्टी लावून बघितली तर सरळ दिसते. पण वर कॅमची जी ओळ आहे ती वाकलेलीच राहते, तिला कोणी हात लावलेला नसतो. अशा हेडमध्ये कॅम बसवला तर मधल्या किंवा टोकाच्या जर्नलवर तो चोवीस तास घासत राहतो. मग जर्नल खरवडलं जातं किंवा कॅम जाम होऊन तुटतो. दोष मात्र ऑईलला दिला जातो.

चाचणी सोपी आहे, पण वेळ साधावी लागते. ती व्हॉल्व्ह बसवण्याआधी, रिकाम्या हेडवर करायची. व्हॉल्व्ह बसवून फक्त बकेट काढून ठेवले तर भागत नाही. अशा वेळी कॅम फिरवताना लोबचं नाक व्हॉल्व्हच्या दांड्याला टेकतं. म्हणून मशीन शॉपला हेड देतानाच सांगा की फेसिंग झाल्यावर आणि व्हॉल्व्ह बसवण्याआधी कॅम लावून बघायचा आहे.

जर्नलला इंजिन ऑईल लावा, एक कॅम ठेवा, सगळ्या कॅप पूर्ण टॉर्कला आवळा आणि स्प्रॉकेटचं टोक दोन बोटांत धरून फिरवा. तो पूर्ण फेरा एकसारखा, अलगद फिरायला हवा. एका ठिकाणी जड आणि दुसऱ्या ठिकाणी हलका जात असेल तर कॅम वाकलेला आहे. पूर्ण फेराभर जड जात असेल तर हेडची ओळ गेली आहे. कॅप एकेक करून सैल करत जा. जी सैल केल्यावर कॅम मोकळा होतो तिथे घासतंय.

ओळ गेली असेल तर हेड सरळ करून घेणं किंवा लाइन बोअर (कॅमच्या सगळ्या जागा एका ओळीत कापून) करून घेणं, किंवा हेड बदलणं, एवढेच मार्ग आहेत. कॅपखाली कागद किंवा पत्रा घालून मोकळं करायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. त्याने तेलाची फट वाढते आणि दाब जातो.

व्हॉल्व्ह आधीच बसवून हेड तुमच्या हातात आलं असेल तर कॅप काढून जर्नलच्या खालच्या अर्धगोलांत लांब, सरळ पट्टी हेडच्या लांबीत टेकवा आणि फीलर गेजने कुठे फट दिसते का ते बघा. ही तपासणी पहिलीइतकी पक्की नाही, पण ठळक वाक कळतो.

## ३. क्लिअरन्स टेबलावरच मोजा

व्हॉल्व्ह घासला, सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आणखी आत जाऊन बसतो. म्हणजे त्याच्या दांड्याचं टोक वर, कॅमच्या दिशेने सरकतं. त्यामुळे क्लिअरन्स कमी होतो. जुने बकेट जुन्या जागी जसेच्या तसे घातले तर काही व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होणार नाहीत. टॅपेट सैल असेल तर आवाज येतो आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन परत येतं. टॅपेट आवळ असेल तर आवाज अजिबात येत नाही. इंजिन उलट छान शांत वाटतं आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळत जाते, कारण व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकून सोडतो.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत तर सीट मुळातच लवकर झिजते आणि क्लिअरन्स हळूहळू कमी होत राहतो. तिथे हे मोजमाप चुकवून चालणारच नाही.

मोजमाप हेड ब्लॉकवर चढवण्याआधी टेबलावर करा. तिथे खाली पिस्टन नसतो, उजेड असतो आणि बकेट बदलायला कॅम काढणं सोपं जातं.

इशारा: हेड सपाट टेबलावर ठेवून कॅम बसवू नका. कॅम दाबला की उघडलेले व्हॉल्व्ह हेडच्या खालच्या पृष्ठभागाबाहेर येतात. हेडखाली दोन्ही टोकांना लाकडाचे ठोकळे द्या आणि व्हॉल्व्हच्या खाली जागा मोकळी राहील असं बघा. एका वेळी एकच कॅम बसवा, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटायची भीती राहत नाही.

बकेटच्या बाहेरच्या बाजूला ऑईल लावून तो भोकात सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली जायला हवा आणि बोटाने गोल फिरायला हवा. अडकत असेल तर भोकाची कड बघा, फेसिंगच्या वेळी कुठे तरी ठोका बसलेला असतो. मग सहाव्या पायरीत सांगितल्याप्रमाणे कॅप आवळा. इथे तात्पुरतं म्हणून घाई करू नका, कॅम तुटायचा असेल तर तो इथेही तुटतो.

आता ज्या व्हॉल्व्हचा क्लिअरन्स मोजायचा त्याच्या लोबचं नाक वर आणि पाठ बकेटकडे येईल असा कॅम फिरवा. हेड थंड, खोलीच्या तापमानाला असावं. फीलर गेज सपाट सरकवा. पान हलकं घासत गेलं, पण त्याहून दोन शतांश जाड पान गेलं नाही, तर पहिला आकडा खरा. अशा बऱ्याच पेट्रोल इंजिनांत इनटेकला ०.२० मिलिमीटरच्या आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटरच्या आसपास क्लिअरन्स असतो. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. १६ ओळींचा तक्ता करा: व्हॉल्व्ह, मोजलेला क्लिअरन्स, बकेटची जाडी.

बकेटच्या आतल्या बाजूला जाडीचा आकडा असतो, तरी मायक्रोमीटरने मोजा. वापरलेला बकेट झिजलेला असू शकतो. हिशेब असा:

नवीन जाडी = जुनी जाडी + (मोजलेला क्लिअरन्स − हवा असलेला क्लिअरन्स)

समजा इनटेकचा एक बकेट ३.०० मिलिमीटरचा आहे, क्लिअरन्स ०.१० आला आणि हवाय ०.२०. तर ३.०० + (०.१० − ०.२०) = २.९०. म्हणजे २.९० चा बकेट हवा. क्लिअरन्स कमी असेल तर बकेट पातळ होतो, जाड नाही. हे उलटं करणारे पुष्कळ आहेत, म्हणून ऑर्डर देण्याआधी हिशेब एकदा परत तपासा.

फीलर गेज जातच नसेल, म्हणजे क्लिअरन्स शून्य असेल, तर हिशेब करता येत नाही. व्हॉल्व्ह किती दाबला गेलाय ते आपल्याला माहीत नसतं. तिथे जाडी माहीत असलेला पातळ बकेट घाला आणि परत मोजा.

नवीन विकत घेण्याआधी हातातलेच बकेट आलटून पालटून बघा. एकाला पातळ हवा असतो तो दुसऱ्याकडे असतोच. बकेट बाहेरून स्वच्छ असेल आणि नव्या भोकात मोकळा फिरत असेल तर हरकत नाही. सगळ्यात पातळ बकेटही जाड पडत असेल तर मशीन शॉपमध्ये व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक किंचित घासून घ्यावं लागतं. हे काम मशीनवर, काटकोनातच व्हावं आणि अगदी थोडं व्हावं. टोकाचा कडक थर निघून गेला तर ते लवकर झिजतं. हातात ग्राइंडर धरून हे करायचं नाही.

मर्यादेच्या दोन आकड्यांपैकी मी वरच्या आकड्याच्या जवळ राहणं पसंत करतो, विशेषतः एक्झॉस्टला. नव्याने कापलेली सीट थोडी बसते आणि क्लिअरन्स कमीच होत जातो, वाढत नाही.

हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात हा हिशेब नसतो. तिथे टॅपेट उभे ठेवायचे, स्वच्छ ऑईलमध्ये बुडवून ठेवायचे आणि बसवण्याआधी अंगठ्याने दाबून बघायचे. मऊ, दबणारा टॅपेट बाजूला काढा.

## ४. हेड चढवण्याआधी पिस्टन खाली आणा

मोजमाप झालं की कॅम परत उतरवा. हेडचे बोल्ट बहुतेक वेळा कॅमच्या खाली किंवा अगदी शेजारी असतात. शिवाय हेड ठेवताना सगळे व्हॉल्व्ह बंद असणं चांगलं.

चार सिलिंडरच्या इंजिनात एक नंबरचा पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) असला की चार नंबरचाही वरच असतो. अशा वेळी कॅम आवळला तर खाली येणारा व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर टेकू शकतो. म्हणून क्रँक टीडीसीपासून ९० अंश मागे न्या. चारही पिस्टन मध्यावर येतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात ६० अंश मागे नेलं की एक पिस्टन पूर्ण खाली आणि बाकी दोन वरच्या टोकापासून दूर असतात. मॅन्युअलमध्ये वेगळी जागा सांगितली असेल तर तीच धरा.

क्रँक फिरवताना चेन तारेने वर ताणून धरा. सैल सोडली तर ती खाली क्रँकच्या स्प्रॉकेटवर गोळा होते आणि कव्हर किंवा दात मोडतात.

हेडचे बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने आणि टप्प्याने आवळा. तो वेगळा विषय आहे.

## ५. कॅम ठेवणं

जर्नलच्या खालच्या अर्धगोलात इंजिन ऑईल, लोबवर आणि बकेटच्या माथ्यावर असेंब्ली ल्यूब (जोडणीच्या वेळी लावायचं वंगण). ती नसेल तर भरपूर इंजिन ऑईल चालेल. चेसिसला लावायचं ग्रीस वापरू नका. ते ऑईलमध्ये लवकर विरघळत नाही आणि भोकं बुजवतं. कॅप जिथे हेडला टेकते तो सपाट भाग मात्र कोरडा आणि स्वच्छ हवा.

इनटेकचा कॅम कोणता आणि एक्झॉस्टचा कोणता ते नुसत्या नजरेवर ठरवू नका. त्यावरची अक्षरं, सेन्सरची चकती आणि व्हीव्हीटीचं (चालत्या इंजिनात कॅमचं टाइमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचं) तोंड बघून खात्री करा.

कॅम ठेवताना स्प्रॉकेटची पिन किंवा मार्क मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दिशेला ठेवा. सहसा ही दिशा अशी निवडलेली असते की कमीत कमी व्हॉल्व्ह दाबले जातील आणि कॅमवरचा जोर दोन्ही टोकांना वाटला जाईल. कॅम ठेवल्यावर वाकून बाजूने बघा. एक टोक वर आणि एक खाली असेल तर कॅम किंचित फिरवून सर्वांत समतोल जागा शोधा.

पुढच्या कॅपला सिलिकॉन लागत असेल तर पातळ, एकच ओळ, बाहेरच्या कडेला. आतल्या कडेला लावलेलं सिलिकॉन दाबलं जाऊन जर्नलमध्ये किंवा तेलाच्या भोकात शिरतं.

## ६. कॅप आवळणं

इथे कॅम तुटतात. कॅम सहसा ओतीव लोखंडाचा असतो. तो झीज सोसतो, वाकणं सोसत नाही. एक टोक आधी खाली गेलं आणि दुसरं टोक स्प्रिंगवर अधांतरी राहिलं की तो मधोमध तुटतो, नाहीतर कॅप चिरते.

सगळ्या कॅप नंबरप्रमाणे आणि बाण बघून ठेवा. सगळे बोल्ट हाताने लागतील तेवढे फिरवा. आता लहान रॅचेट आणि गोटी (सॉकेट) घ्या. मधल्या कॅपपासून सुरू करून आलटून पालटून बाहेरच्या दिशेने जा. मॅन्युअलमध्ये क्रमाची आकृती असेल तर तीच वापरा. एका बोल्टला एका वेळी अर्धा फेराच द्या. एक फेरी पूर्ण झाली की थांबा आणि प्रत्येक कॅपखालची फट बघा. फटी एकसारख्या कमी होत गेल्या पाहिजेत. ज्या कॅपखाली लोबने व्हॉल्व्ह दाबलेला आहे तिथली फट मोठी दिसते. तिथे जास्त फेरे देऊन तिला खाली ओढायचा मोह होतो. तसं करू नका. बाकीच्यांबरोबरच तिला येऊ द्या.

कॅप डॉवेलवर (तिची जागा पक्की धरणाऱ्या पिनेवर) अडली असेल तर प्लास्टिकच्या हातोडीने हलकी टिचकी द्या. बोल्टच्या जोरावर तिला डॉवेलवर ओढू नका.

सगळ्या कॅप हेडला टेकल्यावरच टॉर्क रेंच हातात घ्या. तोही टप्प्याने: ११ न्यूटन-मीटर अंतिम असेल तर आधी ५, मग ८, मग ११. शेवटी त्याच टॉर्कवर एक पूर्ण फेरी पुन्हा मारा, कारण शेजारची कॅप आवळल्यावर आधीची थोडी ढिली पडते.

इशारा: हवेचा किंवा बॅटरीचा इम्पॅक्ट इथे वापरायचा नाही. ‘नुसतं टेकवण्यापुरता’ म्हणूनही नाही.

तपासणी: कॅमवरच्या षटकोनी भागाला पाना लावून तो थोडा पुढे-मागे हलवा. स्प्रिंगचा लवचीक विरोध लागेल, तो ठीक आहे. खरखर किंवा दगडासारखा अडसर लागला तर सगळं सैल करा. पिस्टन अजून मध्यावरच आहेत ना, हेही आत्ता बघून घ्या.

हायड्रॉलिक टॅपेट असतील तर कॅप आवळल्यावर निदान अर्धा तास थांबा. भरलेले टॅपेट व्हॉल्व्ह उघडे धरून ठेवतात. त्यांतलं जास्तीचं ऑईल निघून गेल्याशिवाय क्रँक फिरवायचा नाही.

## ७. स्प्रॉकेट, चेन, टेन्शनर

दोन्ही कॅम त्यांच्या मार्कवर आणा आणि मगच क्रँक जवळच्या वाटेने टीडीसीला न्या. म्हणजे ९० अंश मागे नेला होता तर ९० अंशच पुढे. पाऊण फेरा उलट फिरवून टीडीसी गाठला तर वाटेत पिस्टन वर येतात.

चेनवरच्या वेगळ्या रंगाच्या कड्या स्प्रॉकेटच्या मार्कांवर बसवा. ओढीच्या बाजूची (टेन्शनर नसलेल्या बाजूची) चेन आधी ताठ बसवा, म्हणजे सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला येईल. ढील ओढीच्या बाजूला राहिली की टेन्शनर लागल्यावर कॅम सरकतो आणि एक दात चुकतो.

स्प्रॉकेटचा बोल्ट आवळताना कॅम षटकोनी भागाला पाना लावून धरा. टाइमिंगचं लॉकिंग हत्यार किंवा पिन लावून तिच्या जोरावर बोल्ट आवळू नका. ती पिन फक्त जागा दाखवायला असते. तिच्यावर जोर दिला की ती तरी वाकते किंवा कॅमची खाच मोडते.

इनटेकला व्हीव्हीटी असेल तर ते युनिट लॉक झालेलं आहे का ते हाताने फिरवून बघा. तेलाच्या व्हॉल्व्हची बारीक जाळी आत्ताच धुऊन टाका, हेडच्या कामाची घाण तिथेच अडकते.

टेन्शनरचा दांडा दाबून पिनने अडकवा, बसवा, टॉर्क द्या आणि मग पिन काढा. पिन काढायची राहून गेली की चेन सैल राहते आणि पहिल्याच स्टार्टला दात उडी मारतात. बेल्ट असेल तर जुना बेल्ट परत घालू नका.

## ८. स्टार्टर मारण्याआधी हाताने दोन फेरे

स्पार्क प्लग काढून ठेवा. क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने, हळूहळू दोन पूर्ण फेरे द्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणून एक फेरा पुरत नाही. उलट फिरवू नका, टेन्शनरची बाजू सैल होते.

मध्येच टणक अडसर लागला तर तिथेच थांबा. जोर लावून पुढे नेलं तर व्हॉल्व्ह वाकला. हाताच्या जोरानेही वाकतो.

दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि दोन्ही कॅमचे मार्क परत जागेवर यायला हवेत. रंगीत कड्या मात्र आता जागेवर दिसणार नाहीत. त्या पुष्कळ फेऱ्यांनंतरच परत जुळतात, म्हणून त्या बघून घाबरू नका आणि चेन काढू नका. मार्क ‘जवळपास’ आहे असं वाटत असेल तर हिशेब करा. कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. एवढा फरक डोळ्यांना दिसतो. हेडला बरंच फेसिंग झालं असेल तर कॅम किंचित खाली आल्यामुळे मार्क केसभर मागे दिसू शकतो, तो दाताइतका नसतो.

याच वेळी सगळे क्लिअरन्स पुन्हा मोजा. हेडचे बोल्ट आवळल्यावर आकडा थोडा हलू शकतो. बदल मर्यादेच्या आत असेल तर पुढे जा.

## ९. कव्हर

हेड आणि चेन कव्हर जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर आणि अर्धगोल रबरी सीलच्या कडांवर सिलिकॉनचा ठिपका द्या. कव्हरचं गॅस्केट कोरडंच बसवा. कव्हरच्या बोल्टना फार कमी टॉर्क असतो. जास्त आवळलं तर कव्हर वाकतं आणि गळती थांबण्याऐवजी सुरू होते.

कव्हर ठेवण्याआधी आत टॉर्च मारून बघा. गोटी, कापडाचा तुकडा, टेन्शनरची पिन, सगळं बाहेर मोजून घ्या.

## १०. पहिला स्टार्ट

ऑईल आणि फिल्टर नवे घाला. हेड काढताना थोडं कूलंट खाली ऑईलमध्ये गेलेलं असतंच. प्लग अजून बाहेर असतानाच इंजेक्टर आणि कॉइल बंद करा आणि स्टार्टर काही सेकंदांच्या टप्प्यांनी मारा, मध्ये थोडं थांबत. ऑईलचा दिवा विझला की प्लग बसवा, सगळी जोडणी पूर्ण करा आणि मग चालू करा. दिवा दोन-चार सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद.

हायड्रॉलिक टॅपेट पहिली काही मिनिटं टकटक करतात, मग शांत होतात. बकेटच्या इंजिनात एकाच जागेवरून ठळक टकटक येत असेल तर तिथला क्लिअरन्स चुकलाय. चेनच्या बाजूने खडखड येत राहिली तर टेन्शनर बघा. चेक इंजिनचा दिवा लागून पी००१६ कोड आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसलेला नाही. सेन्सर बदलण्याआधी कव्हर उघडून मार्क तपासा.

कूलंटमधली हवा काढा, पंखा चालू होईपर्यंत इंजिन तापू द्या, मग पूर्ण थंड करून कूलंटची पातळी आणि अर्धगोल सीलची जागा बघा. सीट नव्या बसवल्या किंवा कापल्या असतील तर पहिल्या ऑईल बदलाच्या वेळी तोच १६ ओळींचा तक्ता घेऊन क्लिअरन्स पुन्हा मोजा आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा.